रांग आणि यादी : 'सोफिया पेत्रोव्हना' व 'रेक्विएम' या कृतींतील स्त्रिया, राज्यसत्ता आणि राजकीय कैद्यांविषयीची एकजूट

प्रस्तावना

तुरुंगाशी निगडित साहित्याचा विचार करताना समीक्षेचे लक्ष साधारणतः भिंतीच्या आत असलेल्या व्यक्तीकडे जाते. कैद्याची दैनंदिनी, त्याची पत्रे, त्याचे आत्मकथन हे या साहित्याचे परिचित प्रकार होत. 'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, ही गोष्ट मराठी वाचक आजही आवर्जून सांगतो. मात्र प्रत्येक राजकीय कैद्यामागे तुरुंगाच्या दाराबाहेर कोणीतरी उभे असते. त्याच्यासाठी पैसे, कपडे, शिधा घेऊन येणारी, त्याचा ठावठिकाणा विचारणारी, अर्ज लिहिणारी ती व्यक्ती बहुतेक वेळा स्त्री असते. तिच्या अनुभवाला 'तुरुंगसाहित्य' या संज्ञेत फारसे स्थान मिळालेले नाही.

प्रस्तुत लेखात स्टालिनकालीन रशियातील दोन साहित्यकृतींचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. लिडिया चुकोव्हस्काया यांची 'सोफिया पेत्रोव्हना' ही लघुकादंबरी आणि आन्ना अख्मातोव्हा यांचे 'रेक्विएम' हे दीर्घकाव्य, या त्या दोन कृती होत. दोन्हींचे स्थळ एकच आहे : लेनिनग्राडमधील तुरुंगाबाहेरची रांग. काळही एकच आहे : १९३७-३८ च्या आसपासचा दहशतीचा काळ. दोन्हींच्या केंद्रस्थानी आई आहे. एवढे साम्य असूनही या कृती परस्परविरोधी दिशांनी जातात आणि त्या विरोधातच त्यांचे एकत्रित वाचन करण्याचे प्रयोजन दडलेले आहे.

दुःख समान असले की दुःखितांमध्ये एकजूट आपोआप निर्माण होते, असा एक समज आढळतो. या दोन कृती तो समज खोडून काढतात. हजारो स्त्रिया एकाच रांगेत उभ्या असूनही एकट्या राहू शकतात. त्यांना एकटे ठेवण्यातच हुकूमशाहीचे खरे सामर्थ्य असते आणि 'माझा मुलगा' या शब्दांपासून 'आम्ही' या शब्दापर्यंतचे अंतर ओलांडणे ही स्वतंत्र राजकीय कृती असते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : समान हक्क आणि पत्नी असण्याचा गुन्हा

१९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या १२२ व्या कलमाने स्त्रियांना आर्थिक, सांस्कृतिक, सामाजिक आणि राजकीय जीवनात पुरुषांच्या बरोबरीचे हक्क दिले. शिक्षण, नोकरी, पाळणाघर, प्रसूतीची रजा या गोष्टी केवळ कागदावर नव्हत्या. लाखो स्त्रिया कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करू लागल्या होत्या. तथापि हे हक्क वरून दिलेले होते. त्यांचे रक्षण करणारी स्त्रियांची स्वतःची संघटना अस्तित्वात राहू दिलेली नव्हती. पक्षाचा महिला विभाग १९३० मध्येच बंद करण्यात आला होता. स्त्रियांचा प्रश्न सुटला आहे, असे शासनाने जाहीर केल्यावर तो मांडण्याची सोय उरली नव्हती. ज्या वर्षी राज्यघटनेने समानता जाहीर केली, त्याच वर्षी जून महिन्यात गर्भपातावर बंदी घालण्यात आली, हा योगायोग बोलका आहे.

याची पुढची पायरी १५ ऑगस्ट १९३७ रोजी आली. गुप्त पोलिसांच्या ००४८६ क्रमांकाच्या आदेशान्वये 'मातृभूमीच्या गद्दारां'च्या पत्नींना अटक करून पाच ते आठ वर्षे छावणीत पाठविण्याची तरतूद झाली. पुढील सुमारे एका वर्षात अशा १८ हजारांच्या आसपास स्त्रिया पकडल्या गेल्या आणि त्यांची मुले अनाथगृहांत पोहोचली. कझाकस्तानात अक्मोलिन्स्कजवळ तर अशा पत्नींसाठी वेगळी छावणीच उभारण्यात आली. घटनेने जिला स्वतंत्र नागरिक म्हटले, तिला पोलीस खात्याने पुन्हा कोणाची तरी पत्नी ठरविले. तिचा गुन्हा तिच्या हातून घडलेला नव्हता. तो तिच्या नात्यात होता. स्त्रीहक्कांच्या इतिहासात या आदेशाचे महत्त्व असे, की समान वेतन आणि समान शिक्षण असूनही स्त्रीचे नागरिकत्व किती सहज नात्यात विरघळविता येते, हे त्यातून दिसते.

शासकीय आकड्यांनुसार १९३७ व १९३८ या दोन वर्षांत ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. अनेकांच्या कुटुंबीयांना 'पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे' अशी शिक्षा झाल्याचे सांगितले जाई. पुष्कळदा या शब्दांचा अर्थ मृत्युदंड असा असे. चुकोव्हस्काया यांचे पती, भौतिकशास्त्रज्ञ मात्वेय ब्रॉन्स्टाइन यांना १९३७ च्या ऑगस्टमध्ये अटक झाली, तेव्हा त्यांनाही हेच उत्तर मिळाले. प्रत्यक्षात १९३८ च्या फेब्रुवारीत त्यांना ठार करण्यात आले होते. पती हयात नसताना त्याच्यासाठी खिडकीपाशी उभे राहणे, हा अनुभव या लेखिकेच्या लेखणीमागे आहे.

'सोफिया पेत्रोव्हना' : रांगेतले एकटेपण

'सोफिया पेत्रोव्हना' १९३९-४० च्या हिवाळ्यात, म्हणजे घटना ताज्या असतानाच, एका जाड वहीत लिहिली गेली. दहशतीविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. पण दहशतीच्या काळात, त्याच शहरात बसून लिहिलेले कथात्म गद्य अत्यंत दुर्मीळ आहे. ही वही घरी सापडली असती, तर लेखिकेचे प्राण वाचणे अवघड होते.

कथेची नायिका एका डॉक्टरची विधवा आहे. पतीच्या निधनानंतर ती टंकलेखन शिकते आणि लेनिनग्राडमधील एका प्रकाशनसंस्थेत टंकलेखिकांच्या विभागाची प्रमुख होते. ही नोकरी तिला मनापासून आवडते. तिच्या कामाला मान आहे, तिच्या शब्दाला कचेरीत वजन आहे. नवीन वर्षाच्या वृक्षाचा समारंभ आखण्याची जबाबदारी तिच्यावर सोपविली जाते. शासनाने स्त्रीला दिलेल्या समानतेचे ती चालतेबोलते उदाहरण आहे आणि म्हणूनच शासनावर तिचा विश्वास आहे. तिचा मुलगा कोल्या हा अभियंता होतो, त्याने शोधलेल्या एका पद्धतीबद्दल त्याचे छायाचित्र 'प्रावदा'त छापून येते. पुढे हाच मुलगा पकडला जातो, तेव्हा तिच्यासमोर पेच उभा राहतो : वर्तमानपत्र खोटे बोलत नाही आणि कोल्याही निर्दोष आहे.

या पेचातून तिने काढलेला मार्ग कादंबरीचा गाभा आहे. कोल्याच्या बाबतीत काहीतरी चूक झाली आहे, असे ती मानते. रांगेत तिच्या मागेपुढे उभ्या असलेल्या स्त्रियांकडे मात्र ती हेर, घातपाती आणि विषप्रयोग करणाऱ्यांच्या आया-बायका म्हणून पाहते. तिला त्यांची कीव येते, भीती वाटते; पण त्यांच्याशी तिचे नाते जुळत नाही. याच रांगेत तिला तिच्या पतीच्या परिचित डॉक्टरची पत्नी भेटते, तिच्याच संस्थेच्या पकडल्या गेलेल्या संचालकांची पत्नी भेटते. ओळखीची माणसे एकामागून एक रांगेत येत असतानाही तिचा निष्कर्ष बदलत नाही. प्रत्येक जण दोषी असू शकतो, कोल्या तेवढा अपवाद.

येथे चुकोव्हस्काया यांनी हुकूमशाहीची एक कार्यपद्धती अचूक पकडली आहे. केवळ भीतीच्या बळावर एवढी मोठी रांग शांत ठेवता येत नाही. त्यासाठी रांगेतल्या प्रत्येकीला स्वतःच्या माणसापुरता अपवाद मागण्याची आशा द्यावी लागते. अर्ज, खिडकी, 'चौकशी चालू आहे' हे ठरावीक उत्तर, पुढच्या वेळी कदाचित नीट ऐकून घेतील ही अपेक्षा, या सर्वांतून ती आशा टिकवून धरली जाते. अपवाद मागणारी व्यक्ती नियमाला मान्यता देत असते. म्हणून रांगेतील हजार स्त्रिया एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहत नाहीत. प्रत्येकीचे तोंड खिडकीकडे असते.

तरीही कादंबरीत एक बारकावा असा आहे, की ज्याकडे सहज दुर्लक्ष होऊ शकते. रात्रभर तुरुंगापाशी रांग लावण्यास मनाई असल्यामुळे नेव्हाच्या काठावर, थोडे दूर, स्त्रिया गटागटाने थांबतात आणि त्यांच्यापैकीच एक जण क्रमांकांची यादी ठेवते. आलेल्या बाईचे नाव त्या यादीत लिहिले जाते, तिला क्रमांक मिळतो. ही यादी कोणत्याही कार्यालयाने केलेली नाही. गोंधळ होऊ नये, आजारी वा थकलेल्या बाईची पाळी चुकू नये, यासाठी स्त्रियांनीच घातलेली ती शिस्त आहे. ज्या काळात शासन याद्या करून माणसे नाहीशी करीत होते, त्या काळात त्याच शहरात या स्त्रियांनी एक उलट हेतूची यादी केली होती. सोफिया तिचा उपयोग करते. तिचा अर्थ तिला उमगत नाही.

सोफियाने दुसऱ्यासाठी तोंड उघडल्याचा एक प्रसंगही कादंबरीत आहे. नताशा ही तिच्या विभागातील हुशार टंकलेखिका. 'लाल सेना' लिहिताना तिच्या हातून एका अक्षराची चूक होते. रशियन भाषेत 'लाल' या अर्थाचा शब्द 'क्रास्नाया' आणि 'उंदीर' या अर्थाचा शब्द 'क्रीसा'. एक स्वर बदलल्यामुळे गौरवाच्या शब्दाला उंदराचा वास येतो आणि नताशा नोकरीला मुकते. ही हाताची चूक आहे, हेतूची नव्हे, असे सोफिया सभेत सांगते. परिणामी ती स्वतःच संशयित ठरते व तिला नोकरी सोडावी लागते. पुढे नताशा विष घेऊन जीव देते. या प्रसंगाचे महत्त्व असे, की सोफिया भित्री नाही हे त्यातून सिद्ध होते. परिचित मुलीसाठी ती किंमत मोजायला तयार आहे. तिला अशक्य वाटते ते अपरिचित स्त्रीला निर्दोष मानणे. राजकीय एकजुटीची कसोटी नेमकी येथे लागते. ओळखीच्या माणसाविषयीची आपुलकी हा सद्गुण आहे. अनोळखी कैद्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी त्याहून वेगळे काही लागते.

सोफियाच्या व्यवसायाकडेही या संदर्भात पाहावे लागते. ती टंकलेखिका आहे. दुसऱ्यांचे शब्द निर्दोष उतरवून काढणे हे तिचे कौशल्य. वर्तमानपत्रातली भाषा तिच्या विचारात जशीच्या तशी उतरते. अनुभव आणि भाषा यांत अंतर पडले, तेव्हा तिने अनुभवावर अविश्वास दाखविला, कारण भाषा तिची स्वतःची नव्हती. नोकरीचा हक्क मिळालेल्या या स्त्रीला उच्चाराचा हक्क मिळालेला नव्हता. कादंबरीच्या अखेरीस कोल्याचे पत्र चोरवाटेने येते. चौकशीत मारहाण झाल्याचे आणि एका कानाने ऐकू येत नसल्याचे त्यात असते. आईने अर्ज करावा अशी त्याची विनंती असते. अर्ज केला तर मुलाचे आणि स्वतःचेही अधिक नुकसान होईल, असा सल्ला तिला मिळतो आणि ती ते पत्र जाळून टाकते. सत्य सांगणारा एकमेव कागद आईच्या हातून नष्ट होतो. या शेवटात लेखिकेने नायिकेला दोष दिलेला नाही आणि तिची सुटकाही केलेली नाही.

'रेक्विएम' : यादी नसताना नावे राखणे

'रेक्विएम'मधील कविता प्रामुख्याने १९३५ ते १९४० या काळात रचल्या गेल्या. अख्मातोव्हा यांचे पहिले पती, कवी निकोलाय गुमिल्योव्ह यांना १९२१ मध्येच गोळ्या घालण्यात आल्या होत्या. मुलगा लेव्ह याला १९३५ मध्ये आणि पुन्हा १९३८ मध्ये अटक झाली. लेनिनग्राडमधील तुरुंगांबाहेर सतरा महिने रांगेत काढल्याची नोंद १९५७ मध्ये जोडलेल्या गद्य प्रास्ताविकात आहे. त्याच प्रास्ताविकात रांगेतील एक अनोळखी स्त्री कवयित्रीला हे सारे शब्दांत मांडता येईल का, असे हळूच विचारते आणि कवयित्री होकार देते.

या छोट्या प्रसंगात सोफियाच्या रांगेपेक्षा वेगळे काय घडते? येथे एक स्त्री खिडकीकडे पाठ करून दुसरीकडे वळते. ती आपल्या माणसाविषयी काही मागत नाही. 'हे' मांडण्याविषयी विचारते. म्हणजे जे घडत आहे ते आपल्या घरापुरते नाही, हे तिला आधीच कळलेले आहे. काव्याची मागणी कवयित्रीकडून आलेली नाही. ती रांगेतून आली आहे. अख्मातोव्हा यांच्या कवित्वाला तेथे एका सामाजिक करारचे रूप प्राप्त होते.

'रेक्विएम'चे वाचन मातृशोकाचे काव्य म्हणून करण्याचा प्रघात आहे. ख्रिस्ताच्या क्रूसापाशी उभ्या असलेल्या मातेची प्रतिमा दहाव्या कवितेत असल्याने या वाचनाला आधारही मिळतो. ते वाचन चुकीचे नाही. पण अपुरे आहे. मातृत्वावर भर दिला की अत्याचार नियतीसारखा भासू लागतो आणि आईचे अश्रू सर्वकालीन ठरतात. कोणी, केव्हा, कोणत्या आदेशाने अटक केली, हा प्रश्न मागे पडतो. उपसंहारात मात्र काव्य या चौकटीबाहेर जाते. रांगेतल्या सर्व स्त्रियांना नावानिशी आठवण्याची इच्छा तेथे व्यक्त होते आणि यादीच हिरावली गेल्याची खंतही येते. त्यांच्याच तोंडून ऐकलेल्या साध्या शब्दांतून त्यांच्यासाठी काही विणल्याचे कवयित्री सांगते. 'माझा मुलगा' हा काव्याचा आरंभ आहे. 'या स्त्रिया' हा त्याचा शेवट आहे. आई या नात्याने रांगेत आलेली स्त्री साक्षीदार या नात्याने बाहेर पडते. नाते शासनाने गुन्ह्यासाठी वापरले होते; साक्षीदाराची भूमिका तिने स्वतः घेतली आहे.

या काव्याच्या जतनाची रीतही त्याच्या आशयाशी सुसंगत आहे. कागदावर ठेवणे धोक्याचे असल्याने अख्मातोव्हा कवितेच्या ओळी चिठोऱ्यावर लिहून विश्वासातल्या व्यक्तीला वाचायला देत. भिंतींनाही कान आहेत हे ओळखून तोंडाने हवापाण्याविषयी काहीतरी बोलत राहत. ओळी पाठ झाल्या की चिठोरा जाळला जाई. या पाठकर्त्यांपैकी एक म्हणजे स्वतः चुकोव्हस्काया. म्हणजे 'सोफिया पेत्रोव्हना'ची लेखिका 'रेक्विएम'ची जिवंत प्रत होती. सोफिया पत्र जाळते, तेव्हा सत्य नष्ट होते. अख्मातोव्हा चिठोरा जाळतात, तेव्हा सत्य दुसऱ्या स्त्रीच्या स्मरणात आधीच पोहोचलेले असते. दोन्ही ठिकाणी आगीत गेलेला कागद सारखाच आहे. फरक आहे तो समोर दुसरी व्यक्ती असण्याचा आणि तिच्यावर विश्वास असण्याचा. एकजुटीची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येईल. अख्मातोव्हा यांनीही अपवाद मागितला होता. १९३५ मध्ये मुलगा आणि तत्कालीन सहचर निकोलाय पुनिन यांच्या सुटकेसाठी त्यांनी स्टालिनला पत्र लिहिले आणि दोघे सुटलेही. १९४९ मध्ये लेव्हला पुन्हा अटक झाल्यावर त्यांनी स्टालिनची स्तुती करणाऱ्या कविता लिहिल्या, त्या १९५० मध्ये 'अगन्योक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. मुलगा मात्र १९५६ पर्यंत छावणीतच राहिला. असे असताना सोफियाला एकाकी आणि अख्मातोव्हा यांना एकजुटीचे प्रतीक म्हणणे न्याय्य ठरेल काय?

हा आक्षेप टाळण्यापेक्षा स्वीकारणे अधिक उपयुक्त आहे. आपल्या मुलासाठी अर्ज करणे हा दोष नव्हे. शासनाने सर्व दारे बंद करून तेवढीच एक खिडकी उघडी ठेवलेली असते. आईने तेथे उभे राहू नये, असे म्हणण्याचा अधिकार तुरुंगाबाहेर सुरक्षित बसलेल्या वाचकाला नाही. भेद आहे तो अर्ज करण्यात नाही; अर्जाची भाषा हीच आपली एकमेव भाषा मानण्यात आहे. अख्मातोव्हा यांनी एका हाताने अर्ज लिहिला, स्तुतीही लिहिली. परंतु रांगेतल्या स्त्रीला दिलेला शब्द मोडला नाही. सोफियाजवळ अर्जापलीकडची भाषाच नव्हती. एकजुटीला शुद्ध चारित्र्याची माणसे लागतात, असे मानले तर ती कधीच घडणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. १९४६ मध्ये पक्षाने अख्मातोव्हा यांच्यावर जाहीर टीका केली, त्या वेळी झ्दानोव्ह यांनी वापरलेली भाषा त्यांच्या काव्यापेक्षा त्यांच्या स्त्री म्हणून चारित्र्यावर रोखलेली होती. पुरुष लेखकाला 'शत्रू' म्हणणे पुरेसे वाटणाऱ्या सत्तेला स्त्री लेखिकेसाठी अधिकची शिवी लागली. समान हक्कांचे कलम घटनेत दहा वर्षे विराजमान असतानाची ही घटना आहे.

रांगेपासून चौकापर्यंत

दोन्ही कृती दीर्घकाळ त्यांच्या देशात अप्रकाशित राहिल्या. 'रेक्विएम' १९६३ मध्ये म्युनिक येथे प्रसिद्ध झाले, तर 'सोफिया पेत्रोव्हना' १९६५ मध्ये पॅरिस येथे 'ओसाड घर' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली निघाली. मायदेशात त्यांना अनुक्रमे १९८७ आणि १९८८ ही वर्षे उजाडावी लागली. तत्पूर्वी १९६० च्या दशकाच्या आरंभी एका सरकारी प्रकाशनसंस्थेने चुकोव्हस्काया यांच्याशी करार करून तो मोडला. लेखिका न्यायालयात गेली आणि १९६५ मध्ये तिने ठरलेले मानधन मिळविले. पुस्तक निघाले नाही. परंतु अर्ज करण्याऐवजी हक्क मागणारी स्त्री या खटल्यात दिसते. पुढे त्यांनी राजकीय कारणांसाठी छळल्या गेलेल्या लेखकांच्या बाजूने खुली पत्रे लिहिली व १९७४ मध्ये लेखकसंघाने त्यांना काढून टाकले. ज्यांच्यासाठी त्या लिहीत होत्या, ते त्यांचे नातलग नव्हते.

हाच बदल पुढच्या पिढीतील लारिसा बोगोराझ यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. कैदेत असलेले लेखक युली डॅनिएल यांच्या त्या पत्नी. पत्नी म्हणून त्यांना खिडकीपाशी थांबता आले असते. परंतु १९६८ च्या जानेवारीत त्यांनी पावेल लित्विनोव्ह यांच्यासह जगाला उद्देशून पत्रक काढले, ते इतर चार जणांवरील खटल्याच्या विरोधात होते. त्याच वर्षी २५ ऑगस्ट रोजी चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ मॉस्कोच्या लाल चौकात बसलेल्या मूठभर माणसांत त्या होत्या. त्यांना चार वर्षे हद्दपारी मिळाली. नताल्या गोर्बानेव्हस्काया त्या दिवशी तान्ह्या मुलाला बाबागाडीत घेऊन आल्या होत्या. पुढे त्यांना मनोरुग्णालयात डांबण्यात आले.

याच गोर्बानेव्हस्काया ३० एप्रिल १९६८ रोजी सुरू झालेल्या 'चालू घडामोडींचा वृत्तांत' या हस्तपत्राच्या पहिल्या संपादक होत. अटका, झडत्या, खटले, छावण्यांतील कैद्यांची स्थिती यांची नोंद त्यात शेरेबाजी न करता नावनिशीवार दिली जाई. हे पत्र छापखान्यात छापले जात नसे. ते टाइपरायटरवर कार्बन लावून प्रतीमागून प्रती काढून पसरत असे. त्यातले पुष्कळसे काम स्त्रियांच्या बोटांनी केले. सोफिया पेत्रोव्हना ज्या यंत्रावर शासनाचे शब्द निर्दोष उतरवीत होती, त्याच प्रकारच्या यंत्रावर आता कैद्यांची नावे उमटू लागली. अख्मातोव्हा यांच्या काव्यात हिरावली गेलेली यादी पुन्हा तयार होऊ लागली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'मेमोरियल' या संस्थेने बळींची नावे गोळा करण्याचे कार्य पुढे चालविले. २००७ पासून दरवर्षी २९ ऑक्टोबर रोजी ती जाहीरपणे वाचण्याची प्रथाही तिने पाडली. ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. पुढच्या वर्षी तिला नोबेल शांतता पुरस्काराचा वाटा मिळाला. नावांची यादी आजही सत्तेला भितीदायक वाटते, याला वेगळा पुरावा नको.

निष्कर्ष

१. समान दुःखातून एकजूट आपोआप निर्माण होत नाही. प्रत्येकाला स्वतःपुरता अपवाद मिळण्याची आशा देऊन हुकूमशाही दुःखितांना परस्परांपासून वेगळे ठेवते. 'सोफिया पेत्रोव्हना' या प्रक्रियेचे सूक्ष्म चित्रण करते.

२. वरून बहाल केलेली समानता स्त्रीला नोकरी देऊ शकते. मात्र उच्चार आणि संघटन यांचा हक्क नसेल, तर संकटसमयी ती स्त्रीला पुन्हा 'कोणाची तरी' ठरविण्यापासून वाचवू शकत नाही.

३. 'रेक्विएम'चे केवळ मातृशोकाचे काव्य म्हणून केलेले वाचन त्यातील राजकीय आशय झाकते. आईकडून साक्षीदाराकडे होणारे स्थित्यंतर हा या काव्याचा कणा आहे.

४. राजकीय कैद्यांविषयीच्या एकजुटीचे मूळ रूप म्हणजे नाव राखणे. नेव्हाकाठची क्रमांकांची यादी, स्मरणात जपलेले काव्य आणि कार्बनवर टंकलेला वृत्तांत ही त्याची क्रमाने विकसित झालेली रूपे आहेत.

तुरुंगसाहित्य शिकविताना आपण भिंतीच्या आतल्या माणसाच्या धैर्याविषयी बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या माणसाचे पुढे काय झाले, हे जगाला कळते ते बहुधा भिंतीबाहेर उभ्या असलेल्या कोणामुळे तरी. अख्मातोव्हा यांचा पुतळा २००६ मध्ये क्रेस्ती तुरुंगासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर उभारण्यात आला. तो तुरुंगाच्या आत नाही. रांगेच्या बाजूला आहे. आपल्या समीक्षेनेही अधूनमधून त्या बाजूला जाऊन उभे राहावे, एवढेच या लेखाच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते.